साधा माणूस आणि चर्चिलचा चिमटा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेतल्या निरोप समारंभात निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांबद्दल बोलताना तुम्ही चर्चिलचं वाक्य वापरलंत, "अ मॉडेस्ट मॅन, हू हॅज मच टू बी मॉडेस्ट अबाउट," म्हणजे नम्र माणूस, आणि नम्र असावं असं त्याच्याजवळ पुष्कळ आहे. टाळ्या पडल्या, सरांनी उठून नमस्कार केला, आणि चहाच्या वेळी इंग्रजीच्या बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही भर सभेत सरांचा पाणउतारा केलात. तुमचं म्हणणं, नम्रता हा गुण, 'पुष्कळ' हाही चांगला शब्द. मग अपमान आला कुठून?

बाईंचं बरोबर आहे. चर्चिलच्या नावावर असलेलं हे वाक्य ब्रिटनचे मजूर पक्षाचे नेते क्लेमेंट अ‍ॅटली यांना मारलेला टोमणा आहे, आणि टोमणा म्हणूनच ते सत्तर वर्षं फिरतंय. पण तुमच्या चुकीतही तथ्य आहे. तीच चूक मी पंचवीस वर्षांपूर्वी केलेली आहे, तीही पैसे घेऊन.

मी भाषणं लिहून देतो. पुढाऱ्यांची, संस्थाचालकांची, क्वचित नवरदेवाच्या मामांचीसुद्धा. सुरुवातीच्या काळात एका तालुक्याच्या गावी एका उमेदवाराला प्रतिस्पर्ध्यावर हसत हसत वार करायचा होता. शिवी नको, शालजोडीतला हवा. मी चर्चिलचं वाक्य काढलं आणि मराठी करून दिलं: "आमचे मित्र फार नम्र आहेत. आणि नम्र असावं असं त्यांच्याजवळ पुष्कळ आहे." उमेदवाराने ते छान म्हटलं, मधे थांबलाही. सभेने टाळ्या वाजवल्या, पण हशा नाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, विरोधक असून मोठेपणा कबूल केला." आठवड्याभरात तेच वाक्य प्रतिस्पर्ध्याच्या फोटोखाली फलकावर झळकलं, खाली बोलणाऱ्याचं नाव. माझं मानधन बुडालं ते सोडा. तो फलक एसटी स्टँडसमोर होता आणि मला तिथूनच गाडी पकडायची होती.

तेव्हापासून या एका वाक्यावर मी जितका विचार केलाय तितका कुठल्याच वाक्यावर केलेला नाही.

इंग्रजी वाक्याचं बिजागर शेवटच्या 'अबाउट'मध्ये आहे. एखाद्याबद्दल इंग्रजीत म्हणतात की तो आपल्या यशाबद्दल 'मॉडेस्ट' आहे. म्हणजे यश आहे, मोठं आहे, पण गडी त्याचा डंका पिटत नाही. या अर्थाने 'त्याच्याकडे मॉडेस्ट असण्याजोगं पुष्कळ आहे' ही निखळ स्तुतीच ठरते: कर्तृत्व ढीगभर आणि तोंडातून चकार शब्द नाही. तुम्ही हाच अर्थ लावलात, आणि व्याकरणाने तो मुळीच अडत नाही. उलट तर्काने पाहिलं तर तोच जास्त सरळ आहे. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने गप्प बसण्याला आपण नम्रता म्हणत नाही. खिशात दमडी नसलेल्याने 'मी श्रीमंत नाही' म्हणणं हा नुसता हिशेब झाला.

मग इंग्रज हसतो का? कारण त्याच्या कानात दुसरंच एक वाक्य आधीपासून वाजत असतं: "ही हॅज मच टू बी प्राउड ऑफ", म्हणजे अभिमान बाळगावा असं त्याच्याकडे पुष्कळ आहे. निरोप समारंभ, वाढदिवस, मृत्युलेख, सगळीकडे झिजलेलं वाक्य. ऐकणारा त्या रुळावर असतो, आणि 'प्राउड'च्या जागी 'मॉडेस्ट' येतं. अभिमानाची कारणं जाऊन तिथे मान खाली घालण्याची कारणं येऊन बसतात, आणि तीही 'पुष्कळ'. शिवाय 'मॉडेस्ट'ला इंग्रजीत आणखी एक अंग आहे: मॉडेस्ट पगार, मॉडेस्ट घर, म्हणजे बेताचं. हा वास वाक्याला लागलेलाच असतो.

मराठीत मात्र तो रूळच नाही. आपण लहानपणापासून ऐकतो की विद्या विनयाने शोभते, फळांनी लगडलेली फांदी वाकते, उथळ पाण्याला खळखळाट फार. आपल्याकडे नम्रता हा भरलेपणाचाच पुरावा. त्यामुळे 'नम्र असण्याजोगं पुष्कळ' म्हटलं की मराठी माणसाला लगडलेली फांदी दिसते. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं, आणि तुमच्या मुख्याध्यापकांचंही नाही. चूक भाषांतर करणाऱ्याची.

शाळेत व्याजस्तुती शिकवतात ती आठवा. वरून स्तुती आणि आतून निंदा, किंवा त्याच्या उलट. उदाहरणातला बिचारा मुखचंद्राचं दर्शन मागायला जातो आणि त्याला अर्धचंद्र मिळतो, वर तो याहून मोठी कृपा ती कोणती म्हणतो. तिथे 'अर्धचंद्र' या शब्दाने आपल्याला इशारा मिळतो, कारण अर्धचंद्र देणं म्हणजे मानगुटीला धरून बाहेर काढणं हे मराठी माणसाला ठाऊक असतं. व्याजस्तुतीला असा एक इशारा लागतोच. चर्चिलच्या वाक्यात इशारा आहे तो न उच्चारलेला 'प्राउड', आणि तो मराठीत शिरता शिरता गळून पडतो.

पुढे अनेक वर्षांनी मला बरा तर्जुमा सापडला. 'नम्र' सोडून दिलं आणि 'साधा' घेतला. साधा म्हणजे निगर्वी, आणि साधा म्हणजे सामान्यही; मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदतात. "माणूस साधा आहे. आणि साधं नसावं असं त्याच्यात आहे तरी काय?" हे कुठल्याही पारावर म्हणून बघा, हशा येतो. पण त्यात एक गोष्ट हरवते. मूळ वाक्य इतकं सभ्य आहे की ज्याला मारलं त्यालाही ते आभार मानून खिशात घालता यावं. माझा तर्जुमा खिशात घालता येत नाही, तो टोचतो. मूळ वाक्याची ती दुहेरी सोय मला आजवर मराठीत आणता आलेली नाही.

आता, हे वाक्य चर्चिल खरंच बोलले का? छापील स्वरूपात ते 1954 साली शिकागो ट्रिब्यूनच्या रविवारच्या पुस्तक-पुरवणीत दिसतं. एक गोष्ट अशीही सांगतात की अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन म्हणाले, "अ‍ॅटली साधा माणूस वाटतो," आणि चर्चिल उत्तरले की तसं असायला त्याच्याकडे कारणंही पुष्कळ आहेत. गोष्टीत असलं की वाक्य छान बसतं, पण चर्चिलच्या बाबतीत नीट बसणाऱ्या गोष्टींकडे मी जरा संशयानेच बघतो. नायजेल रीस नावाच्या ब्रिटिश अवतरण-संग्राहकाने या प्रकाराला 'चर्चिलियन ड्रिफ्ट' असं नावच दिलंय: कोणाचाही चांगला विनोद वाहत वाहत शेवटी चर्चिलच्या दाराशी येतो. आपल्याकडे तो अत्र्यांच्या नाहीतर पुलंच्या दाराशी येतो, तसाच.

अ‍ॅटलींवरचा आणखी एक विनोद याहून जहाल: "डाउनिंग स्ट्रीटवर, पंतप्रधानांच्या निवासापाशी, एक रिकामी टॅक्सी आली आणि तिच्यातून अ‍ॅटली उतरले." हाही चर्चिलच्याच नावावर. चर्चिलचे खासगी सचिव जॉन कोलव्हिल यांनी तो त्यांना ऐकवला. चर्चिलचा चेहरा कठोर झाला. अ‍ॅटली हे सन्माननीय आणि शूर गृहस्थ आहेत, देशाच्या सर्वांत कठीण काळात त्यांनी निष्ठेने साथ दिली, त्यांच्याबद्दल असला विनोद मी कधीच करणार नाही, आणि जो करेल त्याचा मी निषेध करतो हे जिथे संधी मिळेल तिथे सांगा, असं त्यांनी बजावलं. म्हणजे 'साधा माणूस' त्यांनी म्हटलं असेलच तर ते या आदराच्या पोटातून आलेलं आहे. राजकारणात असं असतं. विधानसभेत एकमेकांची सालं काढणारे दोघे कँटीनमध्ये एका ताटात जेवताना मी पाहिलेत. म्हणून टोमणा खोटा ठरत नाही, आदरही खोटा ठरत नाही.

या दोघांचं नातं साधं नव्हतंच. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीची मोहीम चर्चिलच्या आग्रहाने झाली, फसली, आणि त्यांना नौदलाचं मंत्रिपद गमवावं लागलं. त्याच मोहिमेत कॅप्टन अ‍ॅटली लढत होते. सुव्ला उपसागरातून सैन्य मागे घेतलं तेव्हा किनारा सोडणाऱ्यांत ते शेवटून दुसरे. पुढच्या वर्षी मेसोपोटेमियात जखमी झाले. इतकं होऊनही गॅलिपोलीची कल्पना योग्य होती, अंमल वाईट झाला, असंच ते म्हणत राहिले. मे 1940 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हाताखाली काम करायला मजूर पक्षाने नकार दिला आणि चर्चिलची वाट मोकळी झाली. युद्धकाळात चर्चिल परदेशी असत तेव्हा मंत्रिमंडळ अ‍ॅटली चालवत. 1942 पासून ते अधिकृतपणे उपपंतप्रधान होते.

19 जानेवारी 1945 चं एक पत्र आहे, ते मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. चर्चिल मंत्रिमंडळाच्या बैठकीला कागद न वाचता येत, मग तासन् तास भलत्याच विषयावर बोलत. अ‍ॅटलींनी या सगळ्याचा पाढा वाचणारं लांबलचक पत्र लिहिलं, आणि कार्यालयातल्या कोणाला कळू नये म्हणून स्वतःच टाइपरायटरवर बडवलं. चर्चिलचा संताप अनावर झाला. गंमत म्हणजे कोलव्हिलसकट आसपासच्या लोकांना पत्र बरोबरच वाटलं, आणि खुद्द चर्चिलच्या पत्नी क्लेमेंटाइन यांनीही अ‍ॅटलींचीच बाजू घेतली. शेवटी चर्चिलनी अगदी आटोपशीर उत्तर धाडलं: तुमच्या सल्ल्याचा लाभ घेण्याचा मी नेहमीच प्रयत्न करीन, याची खात्री असू द्या. शब्द मखमली आणि आत दात ओठ. अपमान आणि सौजन्य एकाच वाक्यात कसं बसतं हे शिकायचं असेल तर हे उत्तर 'साधा माणूस'पेक्षाही सरस आहे, आणि ते कोणाच्या नावावर ढकललेलं नाही.

आता तुम्ही न विचारलेला, पण मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. अ‍ॅटली मुळात नम्र होते का? मला नाही वाटत. ते कमी बोलत, आणि कमी बोलणाऱ्याला आपण फार चटकन नम्र म्हणून टाकतो.

26 जुलै 1945 ला ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीचे निकाल लागले, मजूर पक्षाला 393 जागा मिळाल्या. पक्षातलेच प्रतिस्पर्धी हर्बर्ट मॉरिसन म्हणू लागले की आधी नव्या खासदारांनी नेता निवडावा, मग सरकार. पक्षातलेच दुसरे नेते अर्नेस्ट बेव्हिन यांनी अ‍ॅटलींना सल्ला दिला की सरळ राजवाड्यावर जा. ते गेले. घरची गाडी, चालवायला पत्नी व्हायलेट. मॉरिसन इकडे चर्चा करत असताना तिकडे अ‍ॅटली पंतप्रधान होऊन परतले. पुढच्याच महिन्यात पक्षाचे अध्यक्ष हॅरॉल्ड लास्की सरकारच्या वतीने फार बोलू लागले तेव्हा त्यांना पत्र गेलं: तुमच्याकडून काही काळ मौन पाळलं गेलं तर स्वागतार्ह ठरेल. हे नम्र माणसाचं वाक्य आहे? हे पाइप ओढत बसलेल्या आणि स्वतःबद्दल तिळमात्र शंका नसलेल्या माणसाचं वाक्य आहे.

निवृत्तीनंतर 1956 मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात अ‍ॅटलींनी स्वतःवर पाच ओळींचं एक वात्रट कवन रचलं. आशय असा: हा शर्यतीत उतरेल असंही फारसं कोणाला वाटलं नव्हतं, आपण याच्याहून हुशार असं मानणारे पुष्कळ होते, पण शेवटी पंतप्रधान हाच झाला, वर मानाचे किताब, अर्लपद आणि गार्टरचा नाइटही. हे खाजगीतलं, सख्ख्या भावाला. तिथे साधा माणूस मिशीतल्या मिशीत हसताना दिसतो. 'हुशार असं मानणारे पुष्कळ' ही ओळ वाचताना मला नेहमी तो 'मच' ऐकू येतो. अर्थात त्यांनी तो मनात धरूनच लिहिलं असा माझा दावा नाही.

कर्तृत्वाची यादी द्यायची तर लांबेल. राष्ट्रीय आरोग्य सेवा 5 जुलै 1948 ला सुरू झाली, कोळसा आणि रेल्वे सरकारच्या हाती आली. 2004 मध्ये लीड्स विद्यापीठ आणि मोरी या संस्थेने अभ्यासकांना विसाव्या शतकातले ब्रिटिश पंतप्रधान क्रमाने लावायला सांगितले, तेव्हा अ‍ॅटली पहिले आले आणि चर्चिल दुसरे.

आपल्याला जवळचा भाग वेगळा आहे. 3 फेब्रुवारी 1928 ला मुंबईच्या बंदरात ज्या सायमन कमिशनला काळे झेंडे दाखवले गेले, त्याच्या सात सदस्यांत अ‍ॅटली होते. त्याच वर्षी 23 ऑक्टोबरला डॉ. आंबेडकरांनी पुण्यात साक्ष दिली तीही याच कमिशनपुढे. हाच माणूस पुढे 20 फेब्रुवारी 1947 ला सांगतो की जून 1948 पर्यंत आम्ही सत्ता सोडू, आणि 18 जुलै 1947 ला स्वातंत्र्याचा कायदा मंजूर होतो. मार्चमधल्या चर्चेत चर्चिलनी याला पळ काढणं म्हटलं होतं. 'साधा माणूस' हे वाक्य भारतीयाने वाचताना हा संदर्भ डोक्यात असला तर त्याचा स्वाद बदलतो. चर्चिलच्या दृष्टीने मान खाली घालावी अशा गोष्टींत भारतही होता.

आणि अपमानाची स्तुती करून घ्यायची तर ती कशी, याचा धडा चर्चिललाच एकदा आपल्याकडून मिळालेला आहे. 23 फेब्रुवारी 1931 च्या भाषणात त्यांनी गांधीजींची संभावना केली होती: राजद्रोही वकील, फकिराचं सोंग घेऊन अर्धनग्न अवस्थेत व्हाइसरॉयच्या वाड्याच्या पायऱ्या चढतोय. गांधीजी आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर 1944 च्या पावसाळ्यात पाचगणीला होते. तिथून 17 जुलैला त्यांनी चर्चिलला पत्र लिहिलं. तुम्ही मला नंगा फकीर म्हटल्याचं ऐकतो. मी फार दिवसांपासून फकीर होण्याचा, आणि तोही नग्न होण्याचा प्रयत्न करतोय, ते जास्त कठीण आहे. तेव्हा तुमचा तसा हेतू नसला तरी मी ही स्तुतीच समजतो. 'हेतू नसला तरी' हे शब्द बघा. अपमान झालाच नाही असं गांधीजी म्हणत नाहीत. टोमणा हा टोमणाच होता हे ते मान्य करतात, आणि तरीही तो आपल्या मापाचा कपडा म्हणून अंगावर चढवतात. तुमच्या मूळ प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला देता येणार नाही: बोलणाऱ्याच्या बाजूने हे वाक्य अपमानच आहे, ऐकणाऱ्याच्या अंगात ते पेलायचं बळ असेल तर तो त्याची शाल करू शकतो.

अ‍ॅटलींनी तेवढंही केलं नाही. 30 जानेवारी 1965 ला चर्चिलची अंत्ययात्रा सेंट पॉलच्या कॅथेड्रलला आली तेव्हा मानाने शवपेटीसोबत चालणाऱ्यांत ब्याऐंशी वर्षांचे अ‍ॅटली होते, इतके थकलेले की बाहेर पायऱ्यांवर त्यांना खुर्ची द्यावी लागली. त्याच्या पाच दिवस आधी उमरावांच्या सभेत ते चर्चिलना आपल्या काळातला सर्वांत थोर इंग्रज म्हणाले होते. त्या वाक्यात कुठेही चिमटा नव्हता, आणि मी तो पुष्कळ शोधलाय.

आता तुमच्या मुख्याध्यापकांचं. तुम्ही विचारलंय की त्यांच्या घरी जाऊन माफी मागू का. अजिबात जाऊ नका. त्यांनी जे ऐकलं ते मराठी कानाने ऐकलं आणि तुम्हीही तेच म्हणालात; तुम्हा दोघांत कुठलाच अपमान झालेला नाही. माफी मागायला गेलात तर आधी तो समजावून सांगावा लागेल, आणि तिथे मात्र तो खरोखर होईल. इंग्रजीच्या बाईंना सांगा की त्यांचं बरोबर होतं. समारंभाचा वृत्तांत शाळेच्या वार्षिकात छापायचा असेल तर तेवढं इंग्रजी वाक्य काढून टाका, आणि जागा भरायला सरांनी केलेलं एखादं काम घाला. गळक्या वर्गाची कौलं कोणत्या साली बदलली, असलं काहीतरी. चर्चिलचं नावही नको. निरोप समारंभात चर्चिल लागतच नाही, आणि लागला तर टोमणे सोडून दुसरं काही घ्या.